खानदेशच्या उन्हात फोनची बॅटरी का बसते, आणि सात हजार एमएएचचा नवा फोन घ्यावा का?

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचा आहे. अडीच वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेला फोन पहिल्या वर्षी दिवसभर पुरायचा. आता दुपारीच पंचवीस टक्क्यांवर येतो, कधी तीस टक्के दाखवत असतानाच बंद पडतो. बागेत उन्हात धरला की स्क्रीन आपोआप अंधुक होते, चार्जिंगला लावला की 'तापमान जास्त' म्हणून थांबतो. जाहिरातींत सात हजार एमएएचची बॅटरी (एमएएच म्हणजे बॅटरीत किती साठतं त्याचं माप) आणि १२० वॉटचं चार्जिंग दिसतंय. तो घ्यावा की जुन्यालाच बॅटरी टाकावी? रात्रभर चार्जिंगला ठेवल्यामुळे हे झालं का? आणि जाता जाता शेवटी: आईच्या फोनचं मागचं झाकण एका बाजूनं उचललंय, पण फोन चालतोय. चालू द्यावा का?

भाऊ, हे शेवटचं आधी घेतो. आईचा फोन आत्ता बंद करा. चार्जिंगला लावू नका, झाकण दाबून बसवू नका, वर रबर बँड लावू नका. आतली बॅटरी फुगली आहे. फोनमधली बॅटरी म्हणजे पातळ थरांची गुंडाळी, मऊ पाकिटात सीलबंद केलेली. आतलं द्रावण खराब होतं तेव्हा वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. त्यावर दाब आला किंवा ते वाकलं, तर दोन थर एकमेकांना भिडून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतं, आणि मग लागलेली आग फुंकर मारून विझत नाही. २०१६ साली सॅमसंगला गॅलक्सी नोट ७ जगभरातून परत घ्यावा लागला. त्यांच्या चौकशीत निघालेल्या कारणांपैकी एक म्हणजे बॅटरीच्या कोपऱ्यात आतला थर किंचित मुडपला जात होता. एवढ्याशा मुडपण्यानं तसं होतं, तर अंगठ्यानं झाकण दाबणं काय आहे ते लक्षात घ्या. फोन गादीवर, देवघराजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका. फरशीवर, आजूबाजूला पेटण्यासारखं काही नसेल अशा जागी ठेवा आणि बंद अवस्थेतच दुकानात न्या, खिशात घालून नाही. कोणी 'टाचणी टोचून हवा काढून देतो' म्हणाला, तर तिथून फोन उचला आणि निघा. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. बॅटरी बदलणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सेंटरवर जमा करा, ती पुढे नीट जाते.

आता तुमचा फोन. वीसेक वर्षं जळगावात मोबाईल दुरुस्तीचंच काम करतोय, आणि एप्रिल-मे लागला की काउंटरवर येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाचं वाक्य ठरलेलं असतं, 'मोबाईल तापी ऱ्हायना भो', म्हणजे मोबाईल तापतोय भाऊ. यात फोनचा दोष कमी आणि हवेचा जास्त असतो. ॲपल आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश सांगते, आणि बाकीच्या फोनांची जातकुळीही तीच. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला सावलीतलं तापमान ४४-४५ ला सहज टेकतं. म्हणजे फोन काही काम न करता सावलीत नुसता पडून असला तरी तो कंपनीनं सांगितलेल्या हद्दीच्या दहा अंश बाहेर आहे. त्यावर ऊन, काळं कव्हर, पूर्ण ब्राइटनेस आणि बागेतलं अर्धमेलं नेटवर्क. टॉवर लांब असला की फोन जोर लावून बोलतो, जास्त करंट ओढतो आणि आतून तापतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून येणारे फोन त्यामुळेच जास्त तापलेले असतात. शेतात ५जी धड येत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४जीवर ठेवा. फुकटचा उपाय आहे आणि फरक त्याच दिवशी कळतो.

स्क्रीन अंधुक होणं, फ्लॅश न लागणं, चार्जिंग थांबणं याला लोक बिघाड समजतात. फोन स्वतःला वाचवतोय. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर गेली की तिला चार्ज करू नये, म्हणून आतली चिप चार्जिंग रोखते. ती रोखते हे चांगलंच आहे. हा संदेश दाबून टाकणारी ॲपं मिळतात म्हणे. ती टाकू नका.

उष्णतेनं आत काय होतं ते समजलं तर पुढचं सगळं सोपं जाईल. बॅटरीच्या ऋण बाजूला ग्राफाइट असतं. पहिल्यांदा चार्ज होताना त्यावर एक फार पातळ थर धरतो. तो लागतोच, त्याच्याशिवाय बॅटरी टिकणार नाही. पण उष्णतेत तो थर जाड होत जातो, आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवतो. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही, तेवढी बॅटरी कमी झाली. दुसऱ्या टोकाला, बॅटरी गच्च भरलेली असताना व्होल्टेज सर्वांत जास्त असतं, आणि त्या ताणाखाली द्रावणाचं विघटन वाढतं. म्हणजे बॅटरीचे शत्रू दोन: उष्णता आणि पूर्ण भरलेली अवस्था. दोन्ही एकत्र आले की एकमेकांची ताकद वाढवतात. बॅटरी तंत्रज्ञांच्या वापरातला एक प्रसिद्ध तक्ता आहे. ४० टक्के भरलेली लिथियम बॅटरी २५ अंशांत वर्षभर नुसती ठेवली, तर सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. १०० टक्के भरलेली ४० अंशांत वर्षभर ठेवली, तर सुमारे ६५. वापरलेली नाही, नुसती ठेवलेली. खानदेशच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात रात्री दहालाही आत ४० च्या आसपास असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यामुळे 'रात्रभर चार्जिंगला ठेवू नये' हे अर्धंच खरं. फोन भरला की चार्जिंग थांबतं, जास्तीचं काही आत घुसत नाही. पण रात्री अकराला भरलेला फोन सकाळी सहापर्यंत शंभर टक्क्यांवर, गरम खोलीत, उशीखाली किंवा जाड कव्हरात पडून राहतो. सात तास दोन्ही शत्रू एकत्र. डिसेंबरात हेच केलंत तर फारसं बिघडत नाही. मे महिन्यात बिघडतं. यावर औषध फोनमध्येच असतं आणि बहुतेकांनी ते उघडून पाहिलेलंही नसतं. आयफोन १५ पासून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' आहे, इतर बऱ्याच कंपन्यांच्या फोनांत बॅटरीच्या सेटिंगखाली अशाच नावानं काहीतरी सापडेल. मार्च ते जून ते चालू ठेवा. तुमच्या फोनमध्ये नसेल, तर रात्री न लावता पहाटे उठल्यावर लावा. तेव्हा हवाही दिवसातली सर्वांत थंड असते आणि बागेत निघेपर्यंत पुरेसा भरतो.

कूलरसमोर चार्जिंगला लावायला हरकत नाही, फक्त पाण्याचे तुषार येतात तिथे नको. आपली उन्हाळी हवा कोरडी, म्हणून कूलर खोली चांगली उतरवतो. फ्रिजमध्ये मात्र कधीच ठेवू नका. फ्रिजमधून काढलेल्या गार फोनवर बाहेरच्या हवेतली वाफ जमते, नुसती काचेवर नाही, आत बोर्डवरसुद्धा. आत पाणी लागलं की रंग बदलणारी छोटी पट्टी असते. ती लाल दिसली की वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. तापलेला फोन कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवा, पाचदहा मिनिटांत उतरतो.

तीस टक्क्यांवर बंद पडण्याचं कारण जरा वेगळं आहे, आणि इथेच गिऱ्हाइकाला उगाच बोर्डचं काम सांगितलं जातं. बॅटरी म्हातारी झाली की तिची साठवण तर कमी होतेच, पण आतला अडथळाही वाढतो. तुम्ही कॅमेरा उघडला किंवा कॉल लागला की फोन एकदम मोठा करंट मागतो. अडथळ्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि फोन बंद होतो. चार्जर लावला की पुन्हा पंचवीस-तीस टक्के दाखवतो, कारण तेवढं खरोखर आत असतं, फक्त वेळेवर बाहेर येत नाही. ॲपलनं डिसेंबर २०१७ मध्ये कबूल केलं की जुन्या आयफोनांचा वेग ते कमी करत होते, ते याच कारणानं: फोन अचानक बंद पडू नये म्हणून. तेव्हा लोकांचा संताप झाला, आणि तो योग्यच होता, कारण न सांगता केलं होतं. पण त्यातून एक गोष्ट सर्वांना कळली. बॅटरी बदलली की तोच 'स्लो झालेला' फोन पुन्हा नीट चालतो. तुमचा मध्येच बंद पडणारा फोनही बॅटरी बदलल्यावर बराच सुधारेल अशी माझी अपेक्षा आहे.

म्हणून माझं उत्तर: स्क्रीन चांगली असेल, चार्जिंग पिन सैल नसेल आणि फोनला अजून सिक्युरिटी अपडेट येत असतील, तर आधी बॅटरी बदला. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, पण साधारण दीड-दोन हजारांच्या आसपास काम होतं. नव्या अठरा-वीस हजारांपुढे हे काहीच नाही. अपडेट बंद झाले असतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार, केळीचे पैसे, यूपीआय चालत असेल, तर मात्र मी जुन्यात पैसे घालायला सांगणार नाही.

बॅटरी कुठली टाकायची, यावर थोडं जास्त बोलतो, कारण नुकसान इथेच होतं. कंपनीच्या सेंटरवर मिळत असेल तर तिथलीच घ्या, दोन-चार दिवस थांबावं लागलं तरी. जळगावचं गोलाणी मार्केट असो, धुळ्याचा आग्रा रोड असो किंवा तुमच्या रावेरचा स्टँड, बाहेर 'ओरिजिनल' या शब्दाला फारसा अर्थ उरलेला नाही. बॅटरीवर छापलेले एमएएच कोणीही छापू शकतो. पाहायचं ते वेगळं. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर 'आर' या इंग्रजी अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक असतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. क्रमांकच नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर ती बॅटरी घेऊ नका. दुसरं म्हणजे उत्पादनाची तारीख. वरच्या तक्त्यातली गोष्ट आठवा, बॅटरी डब्यात पडूनही म्हातारी होते. दोन उन्हाळे दुकानाच्या पोटमाळ्यावर काढलेली 'नवी' बॅटरी नवी नसते. तिसरं, बसवणाऱ्यानं जुनी बॅटरी पट्टी ओढून किंवा द्रव वापरून सावकाश काढली पाहिजे. स्क्रूड्रायव्हरनं उचकटताना दिसला तर त्याला थांबवा. आणि एकदा फोन उघडला की त्याचं पाण्यापासूनचं संरक्षण पूर्वीसारखं राहिलं असं धरून चालू नका, नवीन गोंदपट्टी लावली तरी. पावसात शेतात जाताना प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

आता जाहिरातीतला फोन. सात हजार एमएएच पूर्वीच्याच जाडीच्या फोनमध्ये कसे बसले, हा प्रश्न बरोबर आहे, आणि यात फसवणूक नाही. या बॅटरीत ग्राफाइटमध्ये थोडं सिलिकॉन मिसळलेलं असतं. एक ग्रॅम ग्राफाइट जास्तीत जास्त ३७२ एमएएच धरतं, सिलिकॉनची सैद्धांतिक मर्यादा ३,६०० च्या आसपास आहे. जवळपास दहापट. मग सगळंच सिलिकॉन का नाही? कारण भिजवलेल्या हरभऱ्यासारखं ते फुगतं, चार्ज होताना तिप्पट-चौपट, आणि डिस्चार्ज होताना आक्रसतं. दर वेळी वरचा तो पातळ थर तडकतो, नवा धरतो, आणि नव्या थरात पुन्हा लिथियम अडकतं. म्हणून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या जाळीत बसवतात आणि प्रमाण कमी ठेवतात. २०२३ मध्ये चीनमध्ये ऑनरनं असा फोन आणला. भारतात वनप्लस, रिअलमी, आयकू (iQOO) यांचे असे फोन २०२४ च्या अखेरीपासून दिसायला लागले. तंत्र खरं आहे, चांगलं आहे. पण भारतीय बाजारात त्याचं वय बघा. चार-पाच खानदेशी उन्हाळे काढलेला सिलिकॉन-कार्बनचा फोन अजून माझ्या टेबलावर आलेला नाही, येऊच शकत नाही. त्यामुळे 'पाच वर्षं टिकेल' या वाक्यावर पैसे लावू नका.

तरीही, नवा फोन घ्यायचाच असेल तर मी मोठ्या बॅटरीचाच घ्या म्हणेन, पण जाहिरात सांगते त्या कारणासाठी नाही. सात हजारांचे ८० टक्के होतात ५,६००. म्हणजे ८० वर थांबवूनही तुमच्या हातात पाच हजारांच्या पूर्ण भरलेल्या फोनपेक्षा जास्त राहतं. लहान बॅटरीवाल्याला दिवस काढायचा तर शंभर करावंच लागतं, तुम्हाला लागणार नाही. मोठी बॅटरी गच्च भरण्यासाठी घेऊ नका, गच्च न भरता दिवस काढता यावा म्हणून घ्या. जाहिरातीत कोणी हे सांगत नाही, कारण दोन दिवस चालतो म्हणणं जास्त खपतं. आपल्या हवेत दीड दिवस चालून चार वर्षं टिकणं मला कितीतरी मोलाचं वाटतं.

१२० वॉटचं उत्तर छोटं आहे. हा वेग पूर्ण वेळ मिळत नाही, सुरुवातीच्या टप्प्यात मिळतो आणि ८० टक्क्यांनंतर सगळेच फोन हळू होतात. अशा अनेक फोनांत बॅटरी दोन भागांत विभागलेली असते आणि दोन्ही भाग एकाच वेळी भरतात, त्यामुळे 'इतके वॉट म्हणजे बॅटरी जळणार' ही भीती तितकी खरी नाही. पण दुपारी दोनला ४४ अंशांत लावलात तर फोन स्वतःच वेग इतका कमी करेल की जाहिरातीतले मिनिटांचे आकडे विसरा. इथे १२० आणि ४५ वॉटमधला फरक उन्हाळ्यात फार उरत नाही. त्यासाठी दोन-तीन हजार जास्त देऊ नका.

त्याऐवजी दुकानदाराला दोन गोष्टी विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं, आणि या मॉडेलची बॅटरी सेंटरवर किती वर्षं मिळेल. सॅमसंग एस२४ आणि गुगल पिक्सेल ८ पासून सात वर्षांच्या अपडेटची भाषा सुरू झाली. सात वर्षं फोन चालवायचा तर आपल्याकडे मध्ये किमान दोनदा बॅटरी बदलावी लागेल, ती मिळणार नसेल तर सात वर्षांचं वचन कागदावरच. युरोपीय संघानं २० जून २०२५ पासून नियम लावलाय: तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनची बॅटरी ८०० चक्रांनंतरही ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर, आज पन्नास आणि उद्या पन्नास मिळून एक. तिथल्या फोनच्या लेबलवर ही चक्रं छापलेली असतात. तुम्ही बघताय तो मॉडेल युरोपातही विकला जात असेल, तर ते लेबल शोधून पाहा. काही कंपन्या तिथे लहान बॅटरी देतात, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे लागू होईलच असं नाही, पण कंपनी टिकाऊपणाकडे कितपत लक्ष देते याचा अंदाज येतो. आपल्याकडे असं लेबल सक्तीचं व्हायला हवं, आणि त्यावर चाचणी २५ अंशांत केली की ४५ अंशांत, हेही छापलेलं असावं. देशाचा मोठा भाग उन्हाळ्यात ४० च्या वर असतो. पंचवीस अंशांच्या खोलीतली चाचणी आपल्याला काय कामाची?

शेतातल्या दोन सवयींबद्दल सांगतो. एक, मोटारसायकलच्या हँडलवरचा होल्डर. ऊन तर सरळ लागतंच, शिवाय हादऱ्यांनी कॅमेरा जातो. चांगल्या कॅमेऱ्यात फोटो न हलण्यासाठी लेन्स तरंगती ठेवलेली असते. मोटारसायकलच्या कंपनांनी ती बिघडू शकते, असा इशारा ॲपलनं २०२१ मध्ये दिला होता. फैजपूर-यावल पट्ट्यातल्या खडखडत्या रस्त्यांवर तर काय बोलावं. शर्टाच्या वरच्या खिशापेक्षा सावलीतल्या पिशवीत ठेवा, पाण्याच्या बाटलीशेजारी. दोन, पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवरून वायर काढून केलेलं चार्जिंग. चांगला चार्जर १०० ते २४० व्होल्ट सहज पेलतो, म्हणून लाईट डिम असताना चार्जिंग केल्यानं फोनचं काही जात नाही, ती भीती सोडा. पण शेतावर न्यूट्रल तुटला किंवा दोन फेजच्या मध्ये चार्जर लागला तर व्होल्टेज चारशेच्या घरात जातं. चार्जर फुटतो आणि कधी कधी फोनमधली चार्जिंगची चिपही सोबत नेतो. शेतासाठी पॉवर बँक बरी.

ती घेताना एवढं लक्षात ठेवा की १० हजार एमएएचची पॉवर बँक फोनला १० हजार देत नाही. आतल्या सेलचं व्होल्टेज ३.७, बाहेर द्यायचं ५, हिशेबानं ७,४०० होतात, आणि रूपांतरात गमावलेलं धरून साधारण सहा-साडेसहा हजार हाती येतात. हे सगळ्याच कंपन्यांचं आहे, नीट वाचलं तर बारीक अक्षरात 'रेटेड कपॅसिटी' म्हणून छापलेलंही असतं. तीही लिथियमचीच, म्हणून ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये उन्हात ठेवू नका, झोपडीत माठाच्या सावलीला ठेवा, आणि कुठे फुगीर दिसली तर आईच्या फोनचे सगळे नियम तिलाही लावा.